किल्लेदार अस्वल

नरक चतुर्दशीच्या सकाळी आठ वाजता दाराची घंटा वाजली, तेव्हा माझ्या केसांत वाटीभर तेल होतं, तोंडाला उटणं थापलेलं होतं आणि माझा नवरा श्रीरंग न्हाणीघर अडवून बसला होता. पहिली आंघोळ दर वर्षी त्याचीच. मी खांद्यावर टॉवेल टाकून तशीच दार उघडायला गेले. समोरच्या घरातल्या हॅलोरनबाई उभ्या होत्या. सत्तरी ओलांडलेल्या, एकट्या राहणाऱ्या, नेहमी इस्त्रीतल्या. हातात पास्त्यानं भरलेलं काचेचं मोठं भांडं, त्यावर चंदेरी कागद आणि कागदावर एक पाकीट. मला पाहून त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी भांडं चपलांच्या कपाटावर ठेवलं आणि मला जवळ घेतलं. चांगलं मिनिटभर सोडलंच नाही. त्यांच्या पांढऱ्या कोटावर माझ्या गालाचा पिवळा ठसा उमटला, तरी त्यांचं तिकडे लक्ष नव्हतं.

"काल संध्याकाळी मी पाहिलं तुला, स्वयंपाकघराच्या खिडकीतून," त्या म्हणाल्या. "काही बोलू नकोस. दोघं खाऊन घ्या."

सहा वर्षांच्या शेजारात आमचं बोलणं झालं होतं ते फक्त कचऱ्याच्या डब्यांबद्दल. मी पुरती गोंधळले. पण कराडची माणसं गोंधळली तरी कुणाला रिकाम्या हातानं पाठवत नाहीत. मी पळत जाऊन चकल्या-करंज्यांचा डबा आणला आणि त्यांच्या हातात कोंबला. त्यांनी डब्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि अगदी हळू आवाजात विचारलं, की तुमच्यात अशा वेळी गोड वाटतात का. मी म्हटलं, हो, आमच्यात हीच पद्धत आहे. त्या मान हलवत रस्ता ओलांडून गेल्या.

पाकिटात कार्ड होतं. त्यावर पांढरी फुलं आणि आत 'तुमच्या दुःखात मी सहभागी आहे' अशा अर्थाचं काहीतरी, खाली सही. श्रीरंग न्हाऊन गुलाबी होऊन आला, त्यानं कार्ड दोनदा वाचलं आणि माझ्याकडे संशयानं पाहिलं. फाइल अडकल्याचं तू हिला सांगितलंस का, असं त्यानं विचारलं. मी कशाला सांगू, तूच सांगितलं असशील, तुझ्या तोंडात तीळ भिजत नाही, असं मी म्हटलं. दिवाळीचं पहिलं भांडण सव्वाआठला झालं.

आता फाइलचं सांगते. ही पंधराएक वर्षांपूर्वीची गोष्ट. आम्ही कॅनडातल्या एका लहान गावात राहत होतो आणि भारतातून दोन मुलं दत्तक घ्यायला अर्ज केला होता. बहीण-भाऊ, ओडिशातल्या एका संस्थेत होते. लिटू सहा वर्षांचा, मामुनी चारची. अर्जाला सव्वीस महिने होऊन गेले होते. हत्तीण बावीस महिन्यांत मोकळी होते, हे मला श्रीरंगनंच कुठेतरी वाचून सांगितलं होतं. त्यानंतर दोन दिवस मी त्याच्याशी बोलले नव्हते.

एवढ्या वेळात आमच्या घराचा तपासणी अहवाल शिळा झाला होता. त्यांच्या नियमानं तो दोन वर्षांत शिळा होतो. म्हणून तपासणी करणाऱ्या प्रायरबाई पुन्हा येणार होत्या, भाऊबीजेच्या दिवशी अकरा वाजता. त्यांचा नवा अहवाल नोव्हेंबर संपायच्या आत भारतात पोचला तर मुलं आमची. नाही पोचला, किंवा त्यात काही वाकडं निघालं, तर मुलांची फाइल यादीतल्या पुढच्या जोडप्याकडे जाणार होती. संस्थेनं तसं स्पष्ट कळवलं होतं. ते पत्र मी फ्रिजवर लावलं होतं आणि दूध काढताना रोज वाचत होते.

प्रायरबाईंची मला धास्तीच होती. उंच, कमी बोलणाऱ्या, आणि लिहिताना वहीवर डावा हात आडवा धरणाऱ्या, म्हणजे आपल्याला काही दिसू नये. पहिल्या भेटीत त्यांनी विचारलं होतं, की स्वतःचं मूल नसल्याचं दुःख तुमचं पचलं आहे का. आम्ही दोघं एका सुरात 'हो' म्हणालो होतो, आदल्या दिवशी पाठ करून ठेवल्याप्रमाणे. खरंच पाठ केलं होतं. आमच्या त्या एका शब्दावर बाईंनी तीन ओळी लिहिल्या. तेव्हापासून त्या तीन ओळी माझ्या डोक्यात होत्या.

तर आता किल्ला. मुलांना दाखवायला आम्ही घराच्या फोटोंचा अल्बम पाठवला होता. त्यावर संस्थेतल्या दीदीचा मेल आला, की लिटू विचारतोय, तुमच्याकडे दिवाळीला काय करतात. श्रीरंगला हेच हवं होतं. नाशिकला त्यांच्या गल्लीत किल्ल्यांची स्पर्धा असायची आणि तो तीनदा दुसरा आला होता. तीनदा दुसरा आलेला माणूस फार वाईट. त्यानं दोन पानं उत्तर लिहिलं, की आमच्याकडे मुलं अंगणात मातीचा किल्ला करतात, त्यावर मावळे मांडतात, आळीव पेरून हिरवळ उगवतात. चार दिवसांनी दीदीचं उत्तर आलं. एकच ओळ होती. 'लिटू विचारतोय, तुमच्याकडे तर मुलं नाहीत, मग किल्ला कोण करतं?'

श्रीरंगनं ती ओळ वाचली, लॅपटॉप मिटला आणि फावडं घेऊन बाहेर गेला.

घरात पडलेला चमचा न उचलणारा माझा नवरा तीन दिवस थंडीत माती कालवत होता. फोटो पाठवायचा होता मुलाला. मी म्हटलं, चांगला ऐसपैस कर. पण घरमालकानं आम्हाला खणायला दिलेली जागा म्हणजे मेपलच्या झाडाखालचा फुलांचा एक वाफा, साडेचार फूट लांब आणि दोन फूट रुंद. त्यामुळे किल्लाही तेवढाच आणि तसाच झाला, लांबट. खाली विटा, वर गोणपाट, त्यावर चिखल. श्रीरंग म्हणाला, ही माची आहे. नाशिकहून मावळ्यांचं पार्सल निघालं होतं, ते वाटेत कुठेतरी थांबलं. आळीव पेरले होते, ते त्या थंडीत उगवायला तयार होईनात. एका टोकाला भगव्यासाठी काठी रोवली होती, पण झेंडा पार्सलात. थोडक्यात, आमच्या दारात तपकिरी मातीचा एक लांबट उंचवटा होता आणि त्याच्या उशाला एक काठी होती.

यात कुणाला काही वावगं दिसलं नाही, कारण तो हॅलोवीनचा आठवडा होता. सगळ्या गल्लीत अंगणोअंगणी थर्माकोलच्या कबरी आणि सांगाडे मांडलेले होते. एक तारखेला लोकांनी आपापल्या कबरी आवरून गॅरेजमध्ये ठेवल्या. आमचा किल्ला तिथेच राहिला. त्यानंतर धनत्रयोदशीच्या संध्याकाळी मी त्यावर पणती लावली. दिवा दक्षिणेकडे तोंड करून ठेवायचा असतो आणि वाफा नेमका दक्षिणेला होता. पणती लावून मी तिथे जरा वेळ बसले, मग आत येऊन अनारशांचं पीठ मळलं.

आता तुम्हाला कळलंच असेल. आम्हाला कळलं नव्हतं. आपण जे केलं ते आपल्याला किल्लाच दिसतो.

लक्ष्मीपूजनाच्या दुपारपर्यंत तिसऱ्या घरातला माणूस न सांगता आमच्या दारची सगळी पानं झाडून गेला. संध्याकाळी किल्ल्यावर शेवंतीचा गुच्छ होता. पाडव्याला सकाळी आणखी दोन गुच्छ आले, काचेच्या भांड्यातली एक मेणबत्ती आली आणि गळ्यात निळी फीत बांधलेलं एक पांढरं अस्वल, वीतभर उंच, बुरुजाला टेकून बसलेलं. श्रीरंगला तर आभाळ ठेंगणं झालं. सहा वर्षं आपण या लोकांना घुमे समजत होतो, म्हणाला, आणि बघ, कुणी न सांगता दिवाळीत कसे सामील झाले. त्यानं नाशिकला भावाला फोन करून सगळं सांगितलं. मावळे नव्हते, म्हणून त्यानं अस्वलाला उचलून बालेकिल्ल्यावर बसवलं, हातात दातकोरणीची तलवार दिली आणि किल्लेदार म्हणून त्याची नेमणूक केली. फुलं उतारावर खोचली, जंगल म्हणून. मग फोटो काढून लिटूला पाठवला.

समोरच्या खिडकीतून हॅलोरनबाई हे सगळं पाहत होत्या. श्रीरंगनं त्यांना आनंदानं हात केला. त्यांनी पडदा ओढून घेतला.

भाऊबीजेला मी पहाटेपासून घर पुसत होते. पावणेअकराला प्रायरबाईंची गाडी आली. त्या उतरल्या आणि किल्ल्याशी थबकल्या. तेवढ्यात हॅलोरनबाई घरच्या चपलांत रस्ता ओलांडून त्यांच्याकडे आल्या आणि दोघी बोलायला लागल्या. हॅलोरनबाई बोलत होत्या, प्रायरबाई ऐकत होत्या. पाच मिनिटं. मी पडद्याआडून पाहत होते आणि श्रीरंगला म्हणत होते, की कचऱ्याच्या डब्यांची तक्रार करतेय वाटतं, मेले मी. मग प्रायरबाई आत आल्या. त्यांनी कोट काढला नाही. खुर्चीच्या कडेवर बसल्या, फाइल मांडीवर ठेवली, उघडली नाही.

"मागच्या भेटीनंतर कुटुंबात काही घडलंय का?" त्यांनी विचारलं.

काही नाही, आम्ही दोघं म्हणालो. पुन्हा एका सुरात.

"मला विचारायला जड जातंय," त्या म्हणाल्या. "पण बाहेर अंगणात कोण आहे?"

श्रीरंगनं ताठ बसून सांगितलं, "किल्लेदार."

बाईंचा चेहरा मी अजून विसरलेले नाही. त्यांनी सावकाश, एकेक शब्द सुटा करून सांगितलं, की शेजारच्या बाईंनी त्यांना अडवून विनंती केली आहे, या दोघांशी आज सांभाळून बोला. बिचाऱ्यांनी नुकतंच आपलं मूल गमावलंय आणि बहुतेक त्यांच्या रीतीप्रमाणे अंगणातच ठेवलंय. बाईला फार लागलंय, तोंडाला माती फासून दारात आली होती. आणि नवऱ्याच्या डोक्यावर परिणाम झालाय, काल तो तिथे उभा राहून अस्वलाच्या हातात काही तरी देत होता.

कार्ड, पास्त्याचं भांडं, झाडलेली पानं, शेवंती, सगळं माझ्या डोळ्यांपुढून फिरून आलं. श्रीरंग खुर्ची पुढे ओढून बोलायला लागला. त्यानं जे सुरू केलं ते दहा मिनिटं थांबलं नाही. शिवाजी महाराजांपासून सुरुवात केली. माची म्हणजे काय, बालेकिल्ला म्हणजे काय, आळीव का उगवले नाहीत, पार्सलाचा नंबर काय. मग आतून जुना फोटो आणला, नाशिकच्या अंगणात हाफ पँटीत आठ वर्षांचा तो आणि मागे किल्ला. शेवटी लिटूची ती एक ओळ त्यानं मेलमधून वाचून दाखवली. मी मध्येच उटणं दाखवायला न्हाणीघरात जाऊन वाटी घेऊन आले. प्रायरबाईंनी वाटीचा वास घेतला. मग त्यांचे खांदे हलायला लागले. दोन वर्षांत त्या बाईंना आम्ही कधी हसताना पाहिलं नव्हतं. त्या दिवशी हसता हसता त्यांना ठसका लागला, श्रीरंग पाणी आणायला धावला. त्यांनी कोट काढला, चकली घेतली, फाइल उघडली. वाचलो, असं मी मनात म्हटलं.

बॉयलर पाहून झाला, मुलांची खोली पाहून झाली. बाईंनी पेनाला टोपण लावलं आणि पुन्हा काढलं.

"एक राहिलं," त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या. "तुमच्या शेजारीण म्हणाल्या, तुम्ही तिथे बसून रडत होतात. बराच वेळ. किल्ल्यासाठी?"

"थंडीनं तिच्या डोळ्यांना पाणी येतं," श्रीरंग लगेच म्हणाला.

"मी त्यांना विचारलं," माझ्यावरची नजर न काढता प्रायरबाई त्याला म्हणाल्या.

थंडी हे चांगलं उत्तर होतं. मी फक्त मान डोलवायची होती. फ्रिजवरचं पत्र मला बसल्या जागेवरून दिसत होतं. त्यातली तारीखही दिसत होती. दोन मुलं तिकडे माझ्या मान डोलावण्यावर थांबली होती. आणि मला अगदी मूर्खासारखं वाटलं, की या बाईशी मी एकदा खोटं बोलले आहे, आता दुसऱ्यांदा बोलवत नाही.

"आम्हाला मुलगी झाली असती," मी म्हटलं. "आठ वर्षांपूर्वी. पाच महिने पोटात होती. दवाखान्यात विचारलं, बघायची आहे का, मी नको म्हटलं. तिला पुढे कुठे नेलं ते मी विचारलंच नाही. धनत्रयोदशीचा दिवा गेलेल्यांसाठी म्हणूनही लावतात आमच्याकडे. आठ वर्षं मी तो गॅलरीत लावायचे. परवा ती उकरलेली माती दिसली आणि वाटलं, इथे लावावा. तेवढ्यापुरती जागा तरी होईल तिला. शेजारीणबाईंची चूक नाही. त्यांनी पाहिलं ते बरोबर पाहिलं." मग एकदाचं तेही सांगून टाकलं. "मागच्या वेळी तुम्ही विचारलंत, दुःख पचलं का. मी हो म्हटलं. ते खोटं होतं. या मुलांची मी वाट बघते, जीव टाकून बघते. तिची जागा म्हणून नाही. पण ती काही जात नाही, आणि मला ती जायला नकोय."

झालं, बुडवलं मी सगळं, असं मला वाटलं. श्रीरंगकडे बघायचं धाडस नव्हतं. मग तो मराठीत, प्रायरबाई समोर आहेत हे विसरून बोलला.

"मी विचारलं होतं," तो म्हणाला.

"काय?"

"कुठे नेलं ते. तेव्हाच विचारलं होतं. नदीपलीकडे एक जागा आहे, तिथे अशा सगळ्या बाळांचा एकच दगड आहे. मी जातो अधूनमधून. तू विचारलंस की सांगायचं, असं ठरवलं होतं. तू विचारलंच नाहीस."

आठ वर्षं. तीळ भिजत नाही म्हणत होते मी त्याला. मी प्रायरबाईंसमोर तोंडाला पदर लावावा तशी ओढणी लावली आणि मोठ्यानं रडले. तोही रडला. प्रायरबाईंना मराठी येत नव्हतं. त्यांनी काय झालं ते विचारलं नाही. डावा हात आडवा धरून त्या काहीतरी लिहीत राहिल्या, मग फाइल मिटली, कोट घातला आणि जाताना आणखी दोन चकल्या रुमालात बांधून मागून घेतल्या. निकालाचं अवाक्षर काढलं नाही.

दुपारी मी पास्त्याचं भांडं घासून, त्यात चिवडा भरून हॅलोरनबाईंकडे गेले. सगळं खरं सांगितलं, किल्ल्याचंही आणि मुलीचंही. किल्ल्याचं ऐकून त्या लाजेनं लाल झाल्या. मुलीचं ऐकून त्यांनी माझा हात धरला. फुलं आणि अस्वल परत न्यायला सांगू का सगळ्यांना, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, मुळीच नको, दिलं ते योग्य ठिकाणी दिलं. संध्याकाळी श्रीरंगनं मला नदीपलीकडे नेलं. तिथलं सांगत नाही.

त्यानंतरचे बारा दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. पोस्टमनची गाडी आली की मी अनवाणीच दाराकडे धावायचे. श्रीरंगनं दोनदा तरी म्हटलं, की तू बोललीस ते बरोबरच होतं. तिसऱ्यांदा म्हणाला तेव्हा त्याच्या आवाजात तितकी खात्री नव्हती. मी रोज मनात त्या थंडीच्या उत्तरावर परत जायचे आणि स्वतःला शिव्या घालायचे. मुलं दुसऱ्याकडे गेली तर ओडिशातल्या त्या दीदीला काय लिहायचं, याचासुद्धा मसुदा करून ठेवला होता.

तेराव्या दिवशी अहवालाची प्रत आली. मूळ कागद भारतात रवाना झाले होते. एकूण बारा पानं. दारातच उभं राहून आम्ही ती भराभर चाळली. बॉयलर, धुराचा अलार्म, जिन्याचा कठडा, दोघांचा पगार, दोघांचे दात, मुलांच्या खोलीच्या खिडकीची कडी. पहिल्या भेटीतल्या त्या तीन ओळीही होत्या, अकराव्या पानावर, तारखेसकट. 'अर्जदारांनी या प्रश्नाचं फार लवकर उत्तर दिलं. माझा त्यावर विश्वास बसला नाही. पुढील भेटीत पुन्हा विचारावं.' श्रीरंगनं माझा दंड घट्ट धरला. आणि बाराव्या पानावर सहीच्या वर, सरकारी कागदावर लिहितात तशा सरळ, कोरड्या भाषेत लिहिलं होतं:

'पुन्हा विचारलं. अर्जदार दोघंही अजून रडतात. मुलं सोपवण्यास हरकत नाही.'